ईआरपीनेक्स्टमध्ये हुकने बनवलेले रेकॉर्ड कधी डबल होतात, कधी बनतच नाहीत, तर नक्की काय तपासायचं

हा प्रश्न फिरून फिरून येतो, माणसं बदलतात पण तक्रार तीच, की ईआरपीनेक्स्टमध्ये (बिलं, स्टॉक, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) सेल्स इन्व्हॉइस सबमिट झालं, म्हणजे बिल पक्कं झालं, की आपोआप दुसरं रेकॉर्ड बनावं म्हणून हुक (ठरावीक घटनेला आपोआप चालणारं आपलं फंक्शन) लिहिला, टेस्ट साईटवर मस्त चालला, लाईव्हला गेला आणि थोड्याच दिवसांत ऑफिसातून फोन सुरू, अमक्याचं डबल झालंय, तमक्याचं आलंच नाही. मग बहुतेक लोक फंक्शनच्या सुरुवातीला एक ओळ टाकतात, "आधीच आहे का बघ, असेल तर परत फिर". काही दिवस शांतता, मग परत तेच. ती ओळ चुकीची नाहीये पण ती का पुरत नाही हे कळल्याशिवाय हे दुखणं जात नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको. वॉटर प्युरिफायर विकणारा एक डीलर आहे, प्रत्येक मशीनमागे पहिल्या वर्षात चार फ्री सर्व्हिस देतो, बिल सबमिट झालं की दर तीन महिन्यांची एक अशा चार एन्ट्री "सर्व्हिस व्हिजिट" नावाच्या कस्टम डॉकटाईपमध्ये (डॉकटाईप म्हणजे एका प्रकारच्या रेकॉर्डचा साचा) पडायला हव्यात म्हणजे टेक्निशियनला सकाळी मोबाईलवर आपली यादी दिसते. आता कोणी म्हणेल की ईआरपीनेक्स्टमध्ये मेंटेनन्स शेड्यूल आणि मेंटेनन्स व्हिजिट आधीपासून आहेत की, तर बरोबर आहे, तुमचं काम त्यात भागत असेल तर हुक लिहूच नका, खरंच. मुंबईतच बनलेलं हे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या छोट्या धंद्यांचा विचार करून वाढलंय, त्यामुळे आपल्याला हवं ते त्यात आधीच असण्याची शक्यता बरीच असते. पण ज्यांना वेगळं डॉकटाईप लागतंच त्यांच्यासाठी पुढचं. मी फ्रॅपे (ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे तो फ्रेमवर्क) १४ आणि १५ डोक्यात ठेवून लिहितोय. कोडमधली नावं इथे देवनागरीत दिलीयेत, तुमच्या फाईलमध्ये मूळ स्पेलिंगच असणार.

कोड उघडू नका, आधी वेळा बघा

फ्रॅपेमध्ये प्रत्येक डॉकटाईपच्या टेबलात क्रिएशन, मॉडिफाइड, ओनर आणि मॉडिफाइड_बाय हे कॉलम असतातच, तुम्ही काही न करता. डुप्लिकेट झालेल्या एका मशीनच्या सगळ्या व्हिजिट काढा, क्रिएशनप्रमाणे लावा, आणि पहिल्या चार आणि दुसऱ्या चार यांच्यात किती वेळ गेलाय ते बघा. निम्मं निदान इथेच होतं.

दोन्ही गठ्ठे एकाच सेकंदातले असतील तर एकाच सबमिटमध्ये काम दोनदा झालंय, म्हणजे एकतर हुक दोन ठिकाणी लावलाय किंवा तो दोन वेगवेगळ्या इव्हेंटवर बसलाय. मध्ये काही मिनिटं असतील तर ड्राफ्ट सेव्ह करताना एकदा आणि सबमिट करताना एकदा असं झालंय. मध्ये काही दिवस असतील तर जवळजवळ नक्की कोणीतरी बिल कॅन्सल करून अमेंड केलंय, म्हणजे त्याची दुरुस्त प्रत काढलीये. आणि ओनरमध्ये काउंटरवरच्या माणसाऐवजी ॲडमिनिस्ट्रेटर दिसत असेल तर शेड्यूलर जॉब किंवा एखादी स्क्रिप्ट तेच काम करतेय का बघा, बऱ्याचदा "राहून गेलेल्या व्हिजिट बनवणारा" रात्रीचा जॉब कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो आणि नवीन माणसाला त्याचा पत्ताच नसतो.

एकाच सेकंदातले असतील तर सर्व्हर स्क्रिप्टची लिस्ट नक्की उघडून बघा. सुरुवातीला कोणीतरी डेस्कमधूनच "आफ्टर सबमिट" वर सर्व्हर स्क्रिप्ट लिहिलेली असते, मग नंतर नीट कस्टम ॲप बनतं आणि तेच लॉजिक हुक्स डॉट पायमध्ये (ॲपचे हुक नोंदवायची फाईल) जातं, जुनी स्क्रिप्ट मात्र कोणी डिसेबल करत नाही. कोडमध्ये कितीही शोधा, सापडणार नाही, कारण ती कोडमध्ये नाहीचे, ती डेटाबेसमध्ये आहे.

ऑन_अपडेटवर हुक, म्हणजे आठ व्हिजिटचं सगळ्यात कॉमन कारण

लोकांना वाटतं ऑन_अपडेट म्हणजे "अपडेट केलं की". तसं नाहीये. नवीन डॉक्युमेंट पहिल्यांदा सेव्ह होतं तेव्हा साधारण क्रम असा: बिफोर_इन्सर्ट, मग नाव ठरतं, मग व्हॅलिडेट, बिफोर_सेव्ह, मग डेटाबेसमध्ये ओळ पडते, मग आफ्टर_इन्सर्ट आणि त्याच्या मागोमाग ऑन_अपडेट. म्हणजे पहिल्याच सेव्हला ऑन_अपडेट चालून गेला. आता काउंटरवाल्याने सबमिट दाबलं की परत व्हॅलिडेट, बिफोर_सबमिट, डेटाबेसमध्ये बदल, परत ऑन_अपडेट, आणि मग ऑन_सबमिट. झाले दोन, चार दुणे आठ. मध्ये त्याने ड्राफ्टमध्ये रेट बदलून अजून एकदा सेव्ह केलं असेल तर बारा. टेस्टला हे का दिसत नाही, तर आपण बऱ्याचदा कन्सोलवरून किंवा एखाद्या तयार बिलावर एकदाच चालवून बघतो आणि खूश होतो.

यावर उपाय म्हणून इझ_न्यू तपासणारी ओळ टाकलेली खूप ठिकाणी दिसते आणि मग नवीन तक्रार येते की आता एकही व्हिजिट बनत नाही. ते साहजिक आहे, कारण डेटाबेसमध्ये ओळ पडताक्षणी फ्रॅपे त्या डॉक्युमेंटवरची "लोकल" ही खूण काढून टाकतं, त्यामुळे आफ्टर_इन्सर्ट आणि ऑन_अपडेटमध्ये इझ_न्यू कायम खोटंच येतं. ऑन_अपडेटमध्येच राहायचं असेल तर गेट_डॉक_बिफोर_सेव्ह रिकामं येतंय का ते बघा, पहिल्या सेव्हला ते रिकामं असतं. किंवा हॅज_व्हॅल्यू_चेंज्ड वापरून नेमकं फिल्ड बदललंय का ते बघा. पण आपल्या उदाहरणात या कसरतीची गरजच नाही. फ्री सर्व्हिस कधी द्यायची? बिल पक्कं झाल्यावर. मग हुक ऑन_सबमिटवरच हवा.

आफ्टर_इन्सर्ट का नको, हेही विचारलं जातं, कारण तो एकदाच चालतो हे खरं आहे. पण तो ड्राफ्टवर चालतो. गिऱ्हाईक "घरी विचारून सांगतो" म्हणून निघून जातं, ड्राफ्ट तसाच पडून राहतो आणि टेक्निशियनच्या यादीत न विकलेल्या मशीनची सर्व्हिस येते. शिवाय तो ड्राफ्ट डिलीट करायला जाल तर व्हिजिटमध्ये लिंक आहे म्हणून सिस्टीम डिलीट करू देत नाही. आफ्टर_इन्सर्ट अशा डॉकटाईपना चांगला जिथे सबमिट हा प्रकारच नाही, उदाहरणार्थ नवीन कस्टमर बनला की त्याचं वेलकम टास्क वगैरे.

आणि व्हॅलिडेटमध्ये दुसरं रेकॉर्ड बनवायचं तर नावच काढू नका. नवीन बिलाला तोपर्यंत नाव मिळालेलं असतं पण टेबलात ओळ पडलेली नसते, त्यामुळे व्हिजिटमध्ये त्या बिलाची लिंक टाकली की "असं इन्व्हॉइस सापडत नाही" या अर्थाचा लिंक व्हॅलिडेशन एरर येतो आणि माणूस डोकं धरून बसतो की समोर नंबर दिसतोय आणि हा म्हणतोय सापडत नाही.

हुक चालतच नाही, आणि एररही नाही

फंक्शनचा पाथ चुकला असेल तर फ्रॅपे सेव्ह करतानाच बोंब मारतं, ते बरं. गप्प बसणारे प्रकार वेगळे आहेत.

पहिला आणि सगळ्यात लबाड, हुक्स डॉट पायमध्ये डॉक_इव्हेंट्स दोनदा लिहिलेलं असतं. एका माणसाने वर लिहिलं, दुसऱ्याने खाली टेम्प्लेटमधला कॉमेंट केलेला भाग उघडून तिथे लिहिलं. पायथनला त्यात काही गैर वाटत नाही, खालचं वरच्याला पुसून टाकतं, संपलं. तसंच एकाच डॉक_इव्हेंट्समध्ये "सेल्स इन्व्हॉइस" ही की दोनदा आली तर शेवटची जिंकते. वरचा हुक कालपर्यंत चालत होता आणि आज अचानक बंद पडला, कोणी त्याला हात लावला नव्हता, असं ऐकलं की मी आधी फाईलमध्ये डॉक_इव्हेंट्स शोधतो.

दुसरा, डॉकटाईपच्या नावात कॅपिटल-स्मॉल किंवा स्पेस चुकलीये. ती की नुसती पडून राहते, कोणी तक्रार करत नाही. तिसरा, ॲप बेंचवर (ॲप आणि साईट जिथे एकत्र ठेवतात तो सेटअप) आणलंय पण त्या साईटवर इन्स्टॉल केलेलं नाही, एका बेंचवर चार साईट असल्या की हे होतंच. चौथा, प्रॉडक्शनला कोड पुल केला पण बेंच रीस्टार्ट केलं नाही, जुना कोड मेमरीत बसलेला असतो, वेब प्रोसेसमध्येही आणि बॅकग्राउंड वर्करमध्येही. लोकल मशीनवर बेंच स्टार्ट आपोआप रीलोड करतं म्हणून ही सवयच लागत नाही.

आणि एक, रेकॉर्ड कुठल्या वाटेने आलंय ते बघा. डीबी डॉट सेट_व्हॅल्यूने बदल केला, बल्क_इन्सर्टने ओळी टाकल्या, किंवा कोणी थेट एसक्यूएल मारलं, तर डॉक्युमेंटचे इव्हेंट चालतच नाहीत. डेटा इम्पोर्टने मात्र चालतात, ओळीगणिक. म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमधली मागच्या वर्षांची बिलं इम्पोर्ट करून सबमिट केलीत तर त्या सगळ्यांच्या व्हिजिट आज बनतील, टेक्निशियनच्या यादीत शेकडो थकलेल्या सर्व्हिस दिसतील आणि ऑफिसात हाहाकार. फ्रॅपे डॉट फ्लॅग्समध्ये इन_इम्पोर्ट असतं, ते तपासून बाहेर पडा.

सबमिट झालेलं प्रत्येक इन्व्हॉइस विक्रीचं नसतं

हा तांत्रिक मुद्दा कमी आणि धंद्याचा जास्त आहे, आणि डेव्हलपर यातच अडकतो कारण हिशेबाच्या बाजूला काय चालतं त्याला कोणी सांगत नाही. क्रेडिट नोट हीसुद्धा ईआरपीनेक्स्टमध्ये सेल्स इन्व्हॉइसच असते, फक्त इझ_रिटर्नवर टिक असते. ती सबमिट झाली की तुमचा ऑन_सबमिट इमानेइतबारे चालतो आणि परत आलेल्या मशीनच्या चार नवीन सर्व्हिस लावून देतो. गिऱ्हाईकाने मशीन परत दिलंय, वैतागलेलं आहे, आणि तीन महिन्यांनी त्याला फोन जातो "सर्व्हिसला येऊ का". पॉईंट ऑफ सेल वापरत असाल तर अजून एक, दिवसअखेरीला पीओएस क्लोजिंग केलं की त्या दिवसाची पीओएस बिलं एकत्र करून सेल्स इन्व्हॉइस बनतं, त्यावर इझ_कन्सॉलिडेटेड असतं. तुम्ही पीओएस इन्व्हॉइसवरही हुक लावला असेल आणि सेल्स इन्व्हॉइसवरही, तर हिशेब तुम्हीच करा. ओपनिंगची बिलं असतात त्यांनाही इझ_ओपनिंग बघून वगळा.

फंक्शनच्या सुरुवातीलाच या सगळ्यांना वाट दाखवणाऱ्या तीन-चार ओळी असल्या की बऱ्याच तक्रारी संपतात. अकाउंट्सवाल्या माणसाशेजारी अर्धा तास बसून तो बिलावर काय काय करतो ते बघितलं तर हे कुठल्याही डॉक्युमेंटेशनपेक्षा लवकर कळतं.

कॅन्सल आणि अमेंड

आता खरी गंमत. नाव चुकलं, जीएसटी नंबर राहिला, म्हणून बिल कॅन्सल करून अमेंड करणं आपल्याकडे रोजचंच. अमेंड म्हणजे जुन्याची कॉपी काढून नवीन डॉक्युमेंट, नाव जुन्याच्या शेवटी १ लावून, आणि अमेंडेड_फ्रॉममध्ये जुन्याचा नंबर. नवीन डॉक्युमेंट म्हणजे ऑन_सबमिट परत चालणार, आणि "या इन्व्हॉइसची व्हिजिट आहे का" ही तुमची तपासणी आरामात पास होणार, कारण इन्व्हॉइसचा नंबरच वेगळा आहे. काही दिवसांच्या अंतराने बनलेली डुप्लिकेट म्हणतो ती हीच.

काही जण यावर बिलावरच एक चेकबॉक्स ठेवतात, "व्हिजिट बनवल्या". तर त्यात दोन खड्डे आहेत. ऑन_सबमिटमध्ये डॉकवर नुसतं फिल्डला १ दिलं तर ते डेटाबेसमध्ये जात नाही, कारण डेटाबेसमध्ये लिहिण्याचं काम त्याआधीच उरकलेलं असतं, तिथे डीबी_सेट लागतं. मग कोणीतरी म्हणतं डीबी_सेट कशाला, सरळ डॉक डॉट सेव्ह करू, आणि तेच ऑन_अपडेटमध्ये केलं की सेव्हमधून ऑन_अपडेट, ऑन_अपडेटमधून सेव्ह, शेवटी पायथन रिकर्शनची मर्यादा संपली म्हणून हात वर करतं. दुसरा खड्डा जास्त वाईट: त्या चेकबॉक्सला कस्टमाइझ फॉर्ममध्ये "नो कॉपी" केलं असलं तरी अमेंड करताना टिकही कॉपी होते, नो कॉपी फक्त डुप्लिकेट करताना पाळलं जातं. कॅन्सलच्या वेळी तुम्ही व्हिजिट पुसल्या असतील तर आता नवीन बिलावर टिक आहे आणि व्हिजिट शून्य. कुठे डबल, कुठे शून्य हे एकाच साईटवर एकाच वेळी कसं होऊ शकतं याचं उत्तर बहुतेक वेळा या दोन गोष्टींत मिळतं. नो कॉपी केलं नसेल तर डुप्लिकेट बटणाने बिल कॉपी करणाऱ्यांनाही हाच फटका.

मला विचाराल तर मूळ प्रश्न वेगळाच आहे. डुप्लिकेट म्हणजे कशाचं डुप्लिकेट? सर्व्हिस बिलाला मिळत नाही, मशीनला मिळते. मग ओळख बिलाच्या नंबरावरून का ठरवायची? मशीनचा सिरियल नंबर, कुठल्या वर्षाचा किंवा कराराचा भाग, आणि कितवी व्हिजिट, या तीन गोष्टी मिळून एक व्हिजिट ठरते. बिल दहादा अमेंड करा, मशीन तेच आहे, तिसरी सर्व्हिस एकच आहे. इन्व्हॉइसचा नंबर नुसता माहितीसाठी एका फिल्डमध्ये राहू दे, अमेंड झालं की तो नवीन बिलाकडे वळवा. पूर्ण झालेल्या व्हिजिटला हात लावायचा नाही, टेक्निशियन जाऊन फिल्टर बदलून आलाय, ते कागदावरच्या बदलाने खोटं होत नाही.

कॅन्सलच्या वेळी, जर सर्व्हिस व्हिजिट तुम्ही सबमिट होणारं डॉकटाईप केलं असेल, तर सबमिट झालेली व्हिजिट लिंक असल्यामुळे बिल कॅन्सल होताना अडतं. फ्रॅपे आधी ऑन_कॅन्सल चालवतं आणि मग लिंक तपासतं, त्यामुळे न झालेल्या व्हिजिट ऑन_कॅन्सलमध्ये कॅन्सल केल्या की त्या पुढच्या तपासणीत आडव्या येत नाहीत. झालेल्या व्हिजिटची बिलाशी लिंक मात्र उरतेच, म्हणून मी तरी व्हिजिट साधं, सबमिट नसलेलं डॉकटाईप ठेवून स्टेटस फिल्डवर भागवतो. निम्मी कटकट जाते.

सिरियल नंबरवरून एक आठवलं, १५ मध्ये गेल्यावर "अपग्रेडनंतर व्हिजिट बनायच्या बंद झाल्या" अशी तक्रार असेल तर बिलाच्या आयटमच्या ओळीत सिरियल_नो हे फिल्ड रिकामं येतंय का बघा. १५ मध्ये सिरियल अँड बॅच बंडल नावाचं वेगळं डॉक्युमेंट आलंय, नंबर तिथे असू शकतात. आणि बिलावर अपडेट स्टॉक नसेल तर सिरियल डिलिव्हरी नोटवर असणार, मग हुकच तिथे न्या.

डीबी डॉट कमिट काढा

हुकमधल्या फंक्शनच्या शेवटी फ्रॅपे डॉट डीबी डॉट कमिट (डेटाबेसमधले बदल कायमचे पक्के करणं) लिहिलेलं असेल तर बाकी काही वाचू नका, आधी ते काढा. कन्सोलवर टेस्ट करताना कमिट लागतं म्हणून ते टाकलं जातं आणि तसंच फाईलमध्ये राहतं. वेबवरून आलेली पोस्ट रिक्वेस्ट नीट संपली की फ्रॅपे स्वतः कमिट करतं, मध्ये एरर आला तर सगळं मागे घेतं, म्हणजे रोलबॅक करतं. तुम्ही मध्येच कमिट केलंत की ही हमी गेली.

होतं काय बघा. ऑन_सबमिटमध्ये आधी ईआरपीनेक्स्टचा स्वतःचा कोड चालतो, लेजर एन्ट्री वगैरे, मग तुमचा हुक, मग बाकीच्या ॲपचे हुक. तुमच्या नंतर एसएमएस पाठवणाऱ्या ॲपमध्ये एरर आला. काउंटरवाल्याला लाल मेसेज दिसतो, त्याच्या स्क्रीनवर बिल अजून ड्राफ्ट, पण डेटाबेसमध्ये ते सबमिट झालेलं आहे. तो परत सबमिट दाबतो तर "तुम्ही उघडल्यानंतर डॉक्युमेंट बदललंय" अशा अर्थाचा मेसेज. तो म्हणणार सिस्टीम खराब आहे. ऑन_अपडेटमध्ये कमिट असेल तर अजून भयंकर, कारण सबमिटच्या वेळी डॉकस्टेटस १ (सबमिट झाल्याची खूण) आधीच लिहिलं गेलंय, तुम्ही ते कमिट केलंत, आणि पुढे ऑन_सबमिटमध्ये स्टॉक पुरेसा नाही म्हणून एरर आला, तर आता तुमच्याकडे सबमिट झालेलं बिल आहे ज्याची लेजरमध्ये एकही एन्ट्री नाही. हे मार्चअखेरीला सीएला सापडतं. आणि बिफोर_सबमिट किंवा व्हॅलिडेटमध्ये कमिट असेल तर व्हिजिट राहतात आणि बिल ड्राफ्ट राहतं, माणूस परत दाबतो, परत चार.

याच्या उलट टोकाचं म्हणजे सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये घालून एरर गिळून टाकणं. बिल अडू नये हा हेतू बरोबर आहे, काउंटरवर रांग असते. पण मग तिसऱ्या व्हिजिटला एरर आला तर दोन बनलेल्या राहतात आणि दोन नाही. असं करायचंच तर सुरुवातीला सेव्हपॉईंट (डेटाबेसमध्ये मागे येण्यासाठीची खूण) घ्या, एरर आला तर तेवढ्यापुरतं रोलबॅक करा आणि मग लॉग_एररने नोंद ठेवा, म्हणजे एकतर चारही नाहीतर एकही नाही. परमिशनचा एरर असेल तर इन्सर्ट करताना इग्नोर_परमिशन्स द्या, काउंटरवाल्याला सर्व्हिस व्हिजिट बनवायचा हक्क नसतोच आणि नसावाही.

काम बॅकग्राउंडला टाकत असाल तर एन्क्यूमध्ये एन्क्यू_आफ्टर_कमिट चालू ठेवा. नाहीतर वर्कर तुमच्या कमिटच्या आधीच धावत सुटतो, त्याला बिल ड्राफ्ट दिसतं किंवा दिसतच नाही, आणि "कधी कधीच बनत नाही" हा प्रकार सुरू होतो, तोही फक्त सर्व्हर रिकामा असताना, कारण तेव्हाच वर्कर लगेच मोकळा मिळतो. जॉबमध्येही कमिट नको, डेडलॉक (डेटाबेसमध्ये दोन कामं एकमेकांसाठी अडकणं) आला तर फ्रॅपे रोलबॅक करून तोच जॉब परत चालवतं, तुम्ही अर्ध्यात कमिट केलं असेल तर ते अर्धं डबल होणार. आणि जॉबमधून बिलावर डीबी_सेट करताना अपडेट_मॉडिफाइड बंद ठेवा, नाहीतर ज्याने बिल उघडून ठेवलंय त्याला पुढच्या सेव्हला तोच "डॉक्युमेंट बदललंय" मेसेज.

अजूनही कळत नसेल की हुक कोण कधी चालवतंय, तर फंक्शनच्या पहिल्या ओळीत मेथड हा दुसरा पॅरामीटर, डॉकचं नाव, डॉकस्टेटस आणि पायथनच्या ट्रेसबॅक मॉड्यूलमधल्या फॉरमॅट_स्टॅकचा आउटपुट लॉग करा. लॉग फ्रॅपे डॉट लॉगरने फाईलमध्ये लिहा, एरर लॉग डॉकटाईपमध्ये नको, फाईलमधली ओळ रोलबॅक झालं तरी राहतेच. आणि लेव्हल एरर ठेवा, प्रॉडक्शनला इन्फोच्या ओळी बहुतेक लिहिल्याच जात नाहीत आणि मग आपण रिकाम्या फाईलकडे बघून भलताच निष्कर्ष काढतो.

शेवटचं कुलूप डेटाबेसचं

आता त्या "आधीच आहे का" ओळीकडे. डीबी डॉट एक्झिस्ट्सने तपासणं आणि मग इन्सर्ट करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर दोघींनाही "नाही" असंच उत्तर मिळतं आणि दोघी बनवतात. एकाच बिलावर दोनदा सबमिट दाबलं तर फ्रॅपे स्वतःच अडवतं, मॉडिफाइडची वेळ जुळत नाही म्हणून. पण डीलरचं मोबाईल ॲप एपीआयने बिल पाठवत असेल, नेटवर्क गेलं, ॲपने तेच परत पाठवलं, तर दोन वेगळी बिलं तयार होतात आणि त्यांच्या मागे दोन वेगळे हुक.

म्हणून व्हिजिटमध्ये एक फिल्ड करा ज्यात सिरियल नंबर, वर्ष आणि व्हिजिट क्रमांक जोडून ठेवाल, आणि त्याला युनिक करा. किंवा डॉकटाईपचं नावच त्या फॉरमॅटने बनवा, नाव ही प्रायमरी की असते. तीन फिल्ड वेगवेगळीच ठेवायची असतील तर ऑन_डॉकटाईप_अपडेटमध्ये डीबी डॉट ॲड_युनिक आहे. मग इन्सर्ट करा आणि डुप्लिकेट एन्ट्री किंवा युनिक व्हॅलिडेशनचा एरर आला तर तेवढाच पकडून, स्टॅकसकट लॉग करून पुढे जा, बाकी कुठलाही एरर पकडू नका. अर्थात एपीआयने आलेलं दुसरं बिलच चुकीचं आहे, त्यासाठी ॲपकडून येणारा रेफरन्स नंबर बिलावर युनिक ठेवणं हे वेगळं काम आहे, ते विसरू नका.

हे लावताना क्रम सांभाळा. टेबलात आधीपासून डुप्लिकेट असतील तर मारियाडीबी युनिक इंडेक्स बनवूच देत नाही, मायग्रेट तिथेच अडकतं. आधी बॅकअप. मग सिरियल, वर्ष, क्रमांकावर ग्रुप करून एकापेक्षा जास्त असलेले काढा. प्रत्येक गटात ज्याचं स्टेटस "पूर्ण" आहे तो ठेवा, सगळे बाकी असतील तर क्रिएशनने सगळ्यात जुना ठेवा, आणि उरलेले डिलीट_डॉकने पुसा, थेट एसक्यूएलने नको, नाहीतर कॉमेंट आणि अटॅचमेंट मागे लोंबकळत राहतात. एका गटात दोन पूर्ण सापडल्या तर स्क्रिप्टला थांबवा आणि ती यादी डीलरला द्या, टेक्निशियन खरंच दोनदा जाऊन आला असेल तर ते त्यालाच माहीत. मग मायग्रेट, मग रीस्टार्ट. पहिले काही दिवस लॉगमध्ये डुप्लिकेटचे एरर दिसतील, ते आधीही होत होते, फक्त गुपचूप. त्यातल्या प्रत्येकाचा स्टॅक बघा, वरच्यापैकी कुठली वाट अजून उघडी आहे ते त्यात लिहिलेलं असतं.